दारातलं स्टूल

विमलाबाईंनी पांढरी साडी उचलली आणि त्या थेट दाराकडे निघाल्या. कोपऱ्यात उभ्या हनीफनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजायला दहाच मिनिटं उरली होती.

साड्यांच्या या दुकानाचे मालक कोंडाजीशेठ, त्यांची अट सरळ होती. रविवारी पाचपर्यंत एकाही गिऱ्हाइकानं साडी दारात नेऊन बघितली नाही, तर दुकानातले बाराही दिवे हनीफकडून करून घ्यायचे. नेली, तर त्यानं नमुन्याला टांगलेला दिवा उतरवून चालू पडायचं. अंबडच्या कारखान्यातली पक्की नोकरी सोडून हनीफनं चौऱ्याऐंशीत घरामागे काचेची भट्टी लावली होती. हे काम हुकलं तर सोमवारी पुन्हा त्याच कारखान्याच्या फाटकात जाऊन उभं राहायचं होतं.

या दिव्याची कल्पना सुचली ती सकीनामुळे. त्याची बायको दिव्याखाली कापड पसंत करायचीच नाही. पायरीवर न्यायची, उन्हात धरायची, मगच मान हलवायची. दुसरे नवरे अशा वेळी घड्याळ बघतात. हनीफ बायकोकडे बघायचा. मेन रोडवरच्या या बोळासारख्या दुकानात तर सगळ्याच बायका दार गाठायच्या. ट्यूबखाली मरून रंग तपकिरी दिसायचा, बल्बखाली पांढरं पिवळं पडायचं. साडी घेऊन कुणी पसार होऊ नये म्हणून म्हातारा सहादू दारात स्टूल टाकून राखणीला बसायचा.

बल्बचा पिवळेपणा मारायला हनीफनं वितळलेल्या काचेत चिमूटभर निळा रंग घातला आणि दिव्याची शेड फुंकली. तिच्या उजेडात कापडं पाण्यात बुडाल्यासारखी दिसली. फोडली. अशा चौदा फोडल्या. पंधरावी बल्बवर बसवली आणि सकीनापुढे हिरवा खण धरला. ती जागची उठली नाही. जमलं, हनीफ खूश झाला.

आज सकाळपासून अकरा गिऱ्हाइकं झाली. एकही गादीवरून उठलं नाही. बाराव्या या विमलाबाई, शाळेतल्या शिक्षिका, लेकीच्या लग्नासाठी साडी घ्यायला आलेल्या.

सहादू सवयीनं उभा राहिला. बाईंनी साडी उन्हात धरली, निळा काठ उलटसुलट करून पाहिला. कोंडाजीशेठनं हात झटकले.

“संपलं, मिस्त्री. शिडी घ्या.”

हनीफ हलला नाही. आपला दिवा खोटा नाही, याची त्याला खात्री होती.

“बाईंना येऊ तर द्या, शेठ.”

बाई आत आल्या आणि गादीवर ऐसपैस बसल्या.

“मागं एकदा पांढरी म्हणून नेली, घरी बघते तर सायीच्या रंगाची! तेव्हापासून दुकानातल्या दिव्यांवर माझा विश्वास नाही. ही साडी आतच पसंत केली होती मी. बाहेर गेले ते तुमचा दिवा खरं बोलतो का ते बघायला.” त्यांनी वर पाहिलं. “बोलतो. आता विहीणबाईंच्या काढा, आणि मावश्यांच्या पाच.”

पाचचे साडेसहा झाले. बाहेरचं ऊन उतरलं. ढीगभर साड्या उलगडल्या, पण बाई जागच्या हलल्या नाहीत.

कोंडाजीशेठनं एकदा दिव्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे.

“सहादू, आता दारात राखण नको, ते स्टूल आत आण. हनीफभाई सकाळपासून उभे आहेत.”