राक्षस मारल्याचं श्रेय

बिरवाडीच्या गेमच्या दुकानात सलोनीने शेवटचा राक्षस एकाच कॉइनमध्ये मारला. पण दुकानदाराच्या लेखी असं काही घडलंच नाही, कारण जिंकणाऱ्याचं म्हणून शटरवर नाव रंगवलं ते शिमग्याला मुंबईहून आलेल्या नीलेशचं. गेममध्ये तो मेला की नवा कॉइन टाकायचा आणि मेला तिथूनच उठायचा.

"भिकूकाका, तो आठदा मेला! मी एकदा पन नाय!"

"मेल्यावर पैसे टाकून उठतो, त्यालाच गिऱ्हाईक म्हनतात, गो बाय," दुकानदार म्हणाला. "तुज्यासारखी चार आली तर मीच मरायचा."

सलोनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तडक ग्रामपंचायतीत अर्ज दिला : "नीलेश हे आपल्या हद्दीत आठ वेळा वारले आहेत. मयत सध्या स्टँडवर वडापाव खात आहेत. तरी त्यांचे आठही मृत्यूचे दाखले शटरवर, त्यांच्या नावाखाली चिकटवण्यात यावेत, ही नम्र विनंती."