गाणं पोचलं

जगातलं सगळं खरं प्रेमदुःख आमच्या नॅशव्हिलमध्ये, गाणी लिहायच्या खोल्यांत, तयार होतं. सकाळी दहा ते एक. मग जेवायची सुट्टी.

त्या दिवशी लॉस एंजेलिसची एक पॉप गायिका कोरी करकरीत काउबॉय हॅट घालून आली. "मला तुमच्याकडचं रडकं गाणं हवंय," म्हणाली. यमकं मी जुळवली, दुःख माझ्याबरोबर गाणी लिहिणाऱ्या ट्वायलाने घरून आणलं. तिचा नवरा, वेड त्याचं नाव, तिला सोडून निघाला तेव्हा त्याचा ट्रक सुरू होईना, म्हणून हिनेच आपल्या गाडीच्या बॅटरीला तारा जोडून तो सुरू करून दिला होता. तेही तिने गाण्यात घातलं.

"वेड ऐकेल, त्याला कळेल," ती म्हणाली. "मग एक फोन तरी करेल."

गाणं देशभर गाजलं. एका सकाळी आम्ही दुसऱ्या कुणाचं तरी दुःख जुळवत बसलो असताना खरंच वेडचा फोन आला. ट्वायलाने तो स्पीकरवर टाकला.

"अगं, ते ट्रकवालं गाणं ऐकलंस का? काय नालायक असेल गं तो माणूस! माझी नवी बायको तर रोज रडते ऐकून."

ट्वायलाने हातातलं पेन खाली ठेवलं.



"तुझं त्या लोकांत उठणं-बसणं आहे ना? हिच्यासाठी त्या गायिकेची एक सही आणशील?"