भुताला गाऱ्हाणं

कोरगप्पाचा नवा कोयता चोरीला गेला. तुळुनाडाच्या रिवाजाप्रमाणे त्यानं गावच्या भुताला, म्हणजे गावाच्या राखणदार देवाला, गाऱ्हाणं घातलं आणि चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगून टाकलं.

शाळेतले दूमण्णा मास्तर तेवढे हसले. "अरे, भूत म्हणजे होऊन गेलेलं. शब्दाचा मूळ अर्थच तो. होऊन गेलेलं काय बोलणार?"

"आमचं बोलतं, मास्तर," कोरगप्पा म्हणाला. "जत्रेत अंगात आलं की चोराचं नाव घेतं. अख्ख्या गावासमोर."

दुसऱ्या दिवशी कोयता ओट्यावर हजर, जुन्या उत्तरपत्रिकेत गुंडाळलेला. तिच्यावर तांबड्या शाईत शेरा होता, 'अक्षर सुधारा'.

कोरगप्पानं उत्तरपत्रिकेची घडी घालून ती मास्तरांच्या हातात ठेवली. "जत्रेला या हं, मास्तर. होऊन गेलेलं काय बोलणार?"