इंदुमतीबाईंचा आवाज

१४ नोव्हेंबर २०३१, लक्ष्मीपूजन, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. साखर कारखान्याच्या वसाहतीतील बारा भोंग्यांतून त्या दिवसाचा सदतिसावा सरकारी संदेश आला : "फराळाची ताटं एकमेकांकडे पाठवू नका. साथ वाढते आहे."

आवाज निवृत्त परिचारिका इंदुमती रणखांबे यांचा होता. वसाहत त्यांचे ऐकते, हे ओळखून शासनाने संदेश बोलणाऱ्या यंत्राला तो आवाज दिला होता.

त्याच वेळी चौकात जमावाने दत्तोबा वाघमोडेला घेरले होते. शेजाऱ्याचे ताट रिकामे परत करू नये, म्हणून त्याने अकरा घरी चकल्या भरून ताटे पोचवली होती. त्यांपैकी दोन घरांत ताप निघाला होता.

"चकल्या वाटतोस होय रे? साथ वाटतोस!" एकाने सळईने त्याचा गुडघा फोडला.

इंदुमतीबाई धावत आल्या. समोर नुसत्या पाठी होत्या. आत शिरायला वाट नव्हती.

"अरे, थांबा! मरेल तो!"

कोणी मागे वळले नाही.

"ऐकलं, बाई, ऐकलं! सकाळपासून तेच चाललंय," संजय घोरपडे हसत म्हणाला आणि त्याने दगड उचलला. "बंद करा रे तो भोंगा!"

"संज्या, भोंगा नव्हे, मी आहे! तुझ्या आईचं बाळंतपण मी केलंय!"

विश्वास बसावा म्हणून यंत्रही भोंग्यांतून प्रत्येकाला नाव घेऊन अशाच आठवणी रोज सांगत असे.

संजयने दत्तोबाला दगड मारला.

मारहाण सात मिनिटे चालली. शवविच्छेदनात दत्तोबाच्या अंगावर एकेचाळीस जखमा मोजल्या गेल्या.