एकटीच उभी

"आपण सगळेच पापी आहोत," पाळकसाहेब चर्चच्या व्यासपीठावरून म्हणाले. उभी मात्र एकटी माझी भाची होती. लग्नाआधी दिवस गेले म्हणून रविवारच्या उपासनेत सुवार्ताला भर मंडळीसमोर पापकबुलीला उभं केलं होतं. ज्याच्यापासून दिवस गेले, तो मंडळीच्या पंचांचा मुलगा पहिल्या बाकावर पाय पसरून बसला होता.

पाळकसाहेबांनी बायबलातला आमोस संदेष्टा काढला. देव इस्राएलाच्या शेजारच्या दिमिष्क शहराला जाळील, गज्जाला जाळील, असं सांगताना त्यांचा आवाज चढत गेला. मंडळी जोरजोरात 'आमेन' म्हणत होती.

मला राहवेना. मी बसल्या जागेवरूनच ओरडले, "पाळकसाहेब, तो संदेष्टा आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांची पापं सांगतो आणि मग आपल्याच लोकांकडे वळतो. पोरीला नासवून वर वेदीपाशी ऐटीत लोळणाऱ्यांनाही तो सोडत नाही. तुम्ही गज्जालाच का थांबलात? वाचा की पुढं! सगळेच पापी, तर ही एकटीच का उभी?"

पंच खाकरले. पाळकसाहेबांनी घाईघाईने शास्त्र मिटलं आणि नेहमीच्या सवयीने बोलून गेले, "आपण प्रभूच्या प्रार्थनेसाठी उभे राहू या."

बाकं करकरली. सगळी मंडळी उभी राहिली. पंच उभे राहिले, त्यांचा मुलगाही उभा राहिला. हात जोडून, माना खाली घालून, अगदी आरोपीसारखे.

मी पुढे जाऊन सुवार्ताचा हात धरला आणि तिला माझ्या बाकाशी आणलं.

"बस गं बाई. तुझं झालं. आता ह्यांची पाळी."