झाकून ठेवलेली अर्धी बादली

सकाळी शलाकाच्या फोनवर पाणीखात्याचा निरोप आला : 'आपल्या घरास उद्यापासून एका व्यक्तीचे पाणी मिळेल.'

"बाबा, तुम्हाला मोजायलाच विसरले!" ती हसली.

वामनराव हसले नाहीत. तीस वर्षं चावीवाला म्हणून त्यांनी गल्ल्यांना पाणी सोडलं होतं. गटारातलं यंत्र सांडपाण्यावरून माणसाचं मरण एक दिवस आधी ओळखतं, हे त्यांना माहीत होतं.

"असेल चूक," ते म्हणाले.

"आणि आंघोळ उरका हं अर्ध्या बादलीत," ती रोजच्यासारखी म्हणाली. "मला केस धुवायचेत."

"बरं, साहेब."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. नळाला एक कळशी पाणी आलं आणि नळ बंद झाला. शेवटच्या आंघोळीसाठी पाणी मागायला शलाकाने खात्याला फोन लावला.

"मयताचं पाणी नसतं, ताई," तिकडचा माणूस म्हणाला. "आता कशाला मागता? कालच कळवलं होतं ना?"

तेव्हा तिला तो निरोप समजला.

न्हाणीत अर्धी बादली झाकलेली होती. केस धुवायचा तिने काल कंटाळा केला होता.

तिने पहिला तांब्या त्यांच्या खांद्यावर ओतला.

"सावकाश करा आंघोळ, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "सगळं पाणी घ्या."