लोकरी कोट

"आज सुई राहू दे गं पोरी." वायमोआनामावशीने अंगातला लोकरी कोट काढून नर्स कालेसिताच्या हातात कोंबला. "हा तुला. उद्या टोंगाला चाललेय, तिथे कशाला लागतोय?"

कालेसिताने कोट परत पुढे केला. इथे ऑकलंडला आठवड्यातून तीनदा डायलिसिस होतं, म्हणून तर मावशी तगून होती. तिच्या बेटावर असलं मशीनच नव्हतं.

"अगं, परत आलीस की थंडीत कुडकुडशील ना!"

मावशीने हातावरची शीर एका बोटाने दाबली, दुसऱ्याने रक्त वर कोपराकडे सारलं आणि ते बोट उचललं. शीर रिकामीच राहिली.

"तूच दाखवलं होतंस ना हे? शिरेतलं रक्त काळजाकडे, आपल्या घरी निघालेलं असतं. झडपा त्याला मागे फिरू देत नाहीत."